तोरिंगाची साल

सोमवार सोडून कुठलाही दिवस चालेल,
असं मी इनासला सांगून ठेवलं होतं.
त्यानं मान हलवली. हल्ली ती आपली आपण हलते,
म्हणून मी पुन्हा विचारलं.

आज शुक्रवार. दिवाडीची फेरीबोट पलीकडे गेलीय.
माझ्या ओट्यावर त्यानं पांढरा रुमाल पसरलाय,
जहाजावरचा, कोपऱ्यात निळा नांगर.
त्यावर जाड बुडाचा एकच ग्लास,
पिळाच्या दांड्याचा लांब चमचा,
पोरीनं धाडलेली व्हिस्की,
आणि ती बुटकी कडू बाटली,
जिचं कागदी झबलं गळ्याच्याही वर आलंय,
थोरल्या बहिणीचा फ्रॉक घातलेल्या पोरीसारखं.
उजेडासमोर धरली. तळाला नखाएवढं उरलंय.

तेहेतीस वर्षं हा बोटीवर, बारच्या मागे.
तेवढीच वर्षं मी इथल्या पोस्टात.
याची कार्डं माझ्या हातावरून जायची,
उघडी. मी वाचायची. कोण नाही वाचत?
'आज दोनशे ग्लास केले. मला एक चहा.'
रोकझिनला अक्षर येत नसे,
मग तिच्या दारात दुसऱ्यांदा वाचायची,
पहिल्यांदाच वाचतेय असं तोंड करून.

आता हात माझे, अक्कल त्याची.

साखर नको म्हणाला. माडाचा गूळ घे, काळा.
सुपारीएवढा घेतला.
"बाय, हें पायस न्हय."
अर्धा परत डब्यात.
मग थेंब. एक. दोन.
तिसरा बाटलीच्या ओठावर अडून बसला.
बोट लावून चाखलं, आणि जीभ एकदम सात वर्षांची झाली:
किराईत! आई नाक दाबून पाजायची, तेच,
फक्त परदेश फिरून, लवंग लावून आलेलं.
तो हसला. "तिथं साहेब लोक पैसे मोजतात त्याचे."

व्हिस्की मी पोस्टाच्या हातानं मोजली,
ग्रॅमभर इकडे नाही, तिकडे नाही.
बर्फ एकच, मोठा,
काल नैवेद्याच्या वाटीत गोठवलेला.
हे मी इनासला सांगितलं नाही. देवालाही.

ढवळताना आवाज होता कामा नये.
चमच्यानं काचेच्या कडेकडेनं जावं,
मिसेला उशीर झालेल्या माणसासारखं.
मी आपली शिक्के मारत होते.
"हळू. कोण थांबलाय तुझ्यासाठी?"

बाजारात संत्री होती, मेण फासलेली.
ती बघून त्यानं तोंड वाकडं केलं,
म्हणून परड्यातला तोरिंग काढला.
बोटभर साल, पांढरं न येता.
काडी ओढली, ज्योतीजवळ साल दुमडली,
आणि हवेत उजेडाचा एक शिंतोडा उडाला.
त्याचे डोळे तेवढ्यापुरते तिशीतले.

दोन्ही हातांनी त्यानं ग्लास नाकाशी नेला.
जो वाजायला नको होता तो बर्फ वाजू लागला.
बराच वेळ.
"कसलो वास येता गो?"

मला वाटलं, परीक्षा घेतोय.
तोरिंग, म्हटलं. गूळ.
"आनी?"
आणि मग माझ्या लक्षात आलं.

हात जायच्या आधी नाक जातं, डॉक्टर म्हणाला होता म्हणे.
कधीपासून?
"रोकझिन आसतनाच."
तिनं करपवलेली कडी तो मुकाट जेवायचा,
आणि तिला वाटायचं, माया.
त्यानं तसंच वाटू दिलं.

मग मी सगळं नीट सांगितलं,
आधी पत्ता, तारीख, मग मजकूर:
वर जळलेली काडी आणि साल,
खाली ओल्या दाराचं लाकूड,
त्याखाली गूळवाल्याची चूल,
आणि अगदी तळाशी काहीतरी,
ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता.
तिथं त्यानं मान हलवली. या वेळी त्यानंच.

ग्लास माझ्याकडे सरकवला.
"हो तुजो. म्हाका एक च्या."

आधण ठेवलं.
आलं किसून घातलं, नेहमीपेक्षा जास्त.